डावीकडच्या गाठी

कुणी माझी तोंडभरून स्तुती केली की मला आधी शंका येते. तीस वर्षं मी तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई तपासली. माझ्या टेबलावर येणारा प्रत्येक शर्ट सभ्यपणाचा आव आणून यायचा आणि मी तो उलटा करून त्याचं बिंग फोडायची. पास झालेल्याच्या कोपऱ्यात हिरवा दोरा बांधायचा, नापास झालेल्याच्या कोपऱ्यात लाल. माझ्या टेबलावर लाल रीळ नेहमी आधी संपायचं आणि याचा मला भारी अभिमान होता.

तेव्हा वाचनालयाच्या वरच्या खोलीत पाच बायका माझ्या अर्धवट गोधडीभोवती उभ्या राहून "किती सुंदर, किती सुंदर" करायला लागल्या, तसं मी मनात म्हटलं, ह्यांना माझ्याकडून हवंय तरी काय?

मंडळींनी स्वतःचं नावच 'अर्धवट मंडळ' ठेवलं होतं. दर मंगळवारी चार वाजता यायचं, घरातलं सगळ्यात जुनं रखडलेलं शिवणकाम घेऊन यायचं. नवीन कामाला बंदी. बस चालवणारी एक बाई मुलीच्या पाळण्यासाठी सुरू केलेली दुलई घेऊन बसायची. ती मुलगी आता नोकरीला लागली होती. एकीचं काम रेंगाळलं की बाकीच्या तिला टोमणे मारून, चहा पाजून पुढे ढकलायच्या. मंडळ चालवायच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणायच्या. त्यांचा एक नियम मला पहिल्याच दिवशी खटकला. गाठोडं घरी न्यायचं नाही.

"घरी नेलं की ते परत माळ्यावर चढतं," त्या म्हणाल्या. "इथल्या कपाटात ठेवा. किल्ली माझ्याकडे असते."

"आणि शुक्रवारी दुसरी तुकडी बसते, तिचं काय?"

"त्यांच्यासाठी खालची फळी, तुमच्यासाठी वरची. इथे कुणी कुणाच्या कामाला हात लावत नाही हो."

मी मान हलवली. हात लावत नाही म्हणणारे लोक मी खूप पाहिलेत.

गोधडी आमच्या आईच्या कपड्यांची होती. तिचा तपकिरी गरम झगा, फुलाफुलांचे अभ्रे, शेवटी दवाखान्यात घातलेला निळा सदरा. ती गेल्यावर मी आणि धाकट्या बहिणीने मिळून ती शिवायला घेतली. अर्ध्यावर आलो आणि भांडलो. भांडण गोधडीवरूनच झालं. कारण जरा नंतर सांगते, कारण त्यात माझी बाजू काही फार शोभून दिसत नाही. तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही एकमेकींशी बोललेलो नव्हतो. धाकटी याच गावात, नदीपलीकडे राहते. मला तिच्याकडे जायचं होतं, पण रिकाम्या हाताने जाऊन काय बोलायचं ते सुचत नव्हतं. गोधडी पुरी करायची आणि ती घेऊन तिच्या दारात उभं राहायचं, एवढाच माझा बेत होता. हा बेत मी कुणाला सांगितला नव्हता. आणि आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यामुळे फार दिवस हातात नव्हते.

पहिल्या मंगळवारी मी धावदोऱ्याच्या दोन ओळी घातल्या. ड्रायव्हरबाईने सुई ओवून दिली, कारण मला सुईचं भोक दिसेना. दुसरी ओळ शेवटाकडे वाकडी गेली. मला कळलं होतं, पण साडेपाच वाजले होते आणि मोठ्या बाई किल्ली वाजवत उभ्या होत्या.

पुढच्या मंगळवारी गाठोडं सोडलं, तर दोन्ही ओळी पट्टी धरून आखल्यासारख्या सरळ.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बोट फिरवलं. टाके लहान, सारखे, घट्ट. माझ्या तरुणपणी मी घालायची तसे. पण मी आता तरुण नव्हते आणि हे टाके माझे नव्हते.

"बघा, हात कसा बसलाय!" ड्रायव्हरबाई म्हणाली. "मागच्या वेळी उगाच रडत होतात."

तिच्या मांडीवरच्या दुलईकडे मी नीट पाहिलं. तिचे टाके बसच्या थांब्यांसारखे, मनाला येईल तिथे. ती नव्हे. मग कोण? मंडळातल्या बेकरीवालीचे हात पिठाने कायम कोरडे, दोरा अडकतो तिचा. उरलेल्या दोघींचे टाके तर याहून मोठे. राहता राहिल्या मोठ्या बाई. किल्ली त्यांच्याकडे, नियम त्यांचा, आणि आयुष्यभर पोरांच्या वह्या दुरुस्त करायची खोड. माझी वाकडी ओळ त्यांना बघवली नसणार. माझी कीव आली असणार! या विचाराने माझं डोकं असं तापलं की त्या दिवशीचा चहा मी तसाच ठेवला.

पण पुराव्याशिवाय बोट दाखवायचं नाही, हे मला कारखान्याने शिकवलं होतं. मी सापळा लावला. निळ्या सदऱ्यावर एक ओळ घातली आणि तिच्या मध्यावर मुद्दाम दोन टाके लांबलचक घेतले, आंधळ्यालाही दिसावेत असे. गाठोड्याच्या घडीत स्वतःचा एक पांढरा केस ठेवला. निघताना म्हटलं, "बाई, कपाट नीट लागतं ना?"

"लागतं की." त्या हसल्या. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

तो आठवडा मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. आईच्या कपड्यांतून कुणी परकी बाई माझे टाके ओढून काढतेय, हे डोळ्यांपुढून हलेना. अशी दुसऱ्याच्या हाताने पुरी झालेली गोधडी धाकटीच्या दारात कोणत्या तोंडाने नेणार होते मी? तिने एका नजरेत ओळखलं असतं.

तिसऱ्या मंगळवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि मोठ्या बाईंनी कपाट उघडताच गाठोडं सोडलं. केस गायब. लांब टाके गायब. निळ्या सदऱ्यावर सुबक, सारखी, खोटी ओळ.

मी गाठोडं उचललं आणि मोठ्या बाईंपुढे टेबलावर आपटलं. "हे कुणी केलं?"

"काय झालं?"

"सोंग नको, बाई. माझे टाके उसवून कुणीतरी नव्याने घालतंय. किल्ली तुमच्याकडे आहे. मला मदत नकोय, कीव तर मुळीच नकोय. ही माझ्या आईची गोधडी आहे. कुणी हात लावायचा नाही!"

दारातून आत येणारी ड्रायव्हरबाई तिथेच थबकली. मोठ्या बाई मात्र शांत. वर्गात ओरडणाऱ्या पोराकडे पाहावं तशा माझ्याकडे पाहत राहिल्या.

"तुम्ही कपडे तपासायचात ना?" त्यांनी विचारलं. "मग उलटी करून बघितलीत का?"

नव्हती बघितली. तीस वर्षं प्रत्येक कपडा आधी उलटा करणारी मी, ही गोधडी अकरा वर्षांत एकदाही उलटी केली नव्हती. आता कारण सांगते.

धाकटी डावखुरी. गोधडी शिवायला आम्ही माझ्या घरी बसायचो. तिचे टाके तेव्हा वेडेवाकडे पडायचे. ती घरी गेली की मी तिच्या ओळी उसवायची आणि माझ्या हाताने सरळ घालायची. रोज. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. वाईट काम पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढंच मला ठाऊक होतं. उजव्या हाताची बाई उजवीकडून डावीकडे शिवत जाते, म्हणून तिची गाठ उजव्या टोकाला असते. डावखुरीची डावीकडे. एके दिवशी धाकटीने सहज गोधडी उलटी केली. सगळ्या गाठी उजवीकडे. तिची एकही ओळ उरली नव्हती. तिने एकेका गाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ताई, आईच्या कपड्यांवर माझा एक टाकासुद्धा चालला नाही तुला?" आणि सुई टेबलावर ठेवून निघून गेली.

मी गोधडी उलटी केली.

जुन्या ओळींच्या गाठी उजवीकडे, ओळीने, माझ्या. आणि गेल्या दोन आठवड्यांतल्या तिन्ही ओळींच्या गाठी डावीकडे.

मी खुर्चीवर बसले. आधी राग आला, चांगला सणसणीत. माझे टाके उसवते म्हणजे काय! आणि मग त्या रागाच्या मागोमाग लाज आली, कारण तिलाही हे असंच वाटलं असणार. मला तीनच ओळींत इतकं लागलं. तिच्या मी किती ओळी उसवल्या होत्या, मला आठवतसुद्धा नव्हतं.

"शुक्रवारी येते?" मी विचारलं.

"चार वर्षं झाली. आता सगळ्यांत सरळ हात तिचा," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमचं गाठोडं आलं त्याच आठवड्यात तिने कपाटात आईचा झगा ओळखला. मी म्हटलं, सांगू का तुमच्या ताईंना? तर म्हणाली, नको, तिचं तिला सापडू दे."

ड्रायव्हरबाईने सुई ओवून माझ्यापुढे धरली. मी एक ओळ घातली, तपकिरी झग्यावर. जितकी जमली तितकी सरळ, म्हणजे चांगलीच वाकडी. त्या झग्यावरची शेवटची एक ओळ तिच्यासाठी रिकामी सोडली. मग पिशवीच्या तळाशी हात घातला. कारखान्याचं जुनं हिरवं रीळ अजून तिथे होतं, जवळजवळ भरलेलं. धाकटीच्या तिन्ही ओळींच्या डाव्या टोकाला मी एकेक हिरवा दोरा बांधला. मोतीबिंदूमुळे की रडण्यामुळे, मला काही नीट दिसत नव्हतं.

पुढचा मंगळवार उजाडेपर्यंत पुन्हा शंकांनी पोखरलं. तिला हिरवा दोरा कळेल का? कळायलाच हवा, मी तर घरीदारी त्या दोऱ्यांच्याच बढाया मारायची. की तिला वाटेल, ही अजूनही आपल्याला तपासतेच आहे? जिना चढताना दोनदा परत फिरावंसं वाटलं.

बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. आज कुणी "किती सुंदर" म्हणालं नाही. मी गाठोडं सोडलं आणि तपकिरी झग्यावर बोट फिरवलं.

माझी ओळ होती तिथेच होती, तशीच वाकडी. एकही टाका हललेला नव्हता. आणि तिच्या टोकाला लाल दोरा बांधलेला होता, चांगला दुहेरी गाठ मारून.

नापास केलं होतं मला. पण उसवलं नव्हतं.

मी इतक्या मोठ्याने हसले की खालून वाचनालयाच्या माणसाने काठीने छत ठोकलं. शेवटची ओळ अजून रिकामीच होती. तिनेही ती सोडली होती.

"शुक्रवारची तुकडी किती वाजता बसते हो?" मी डोळे पुसत विचारलं.

"चारला," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण ती हल्ली तीनलाच येते. दाराकडे तोंड करून बसते."