रिकामा कप्पा उघडा

थोरल्याचं भाषण दर वेळी एकाच वाक्याने सुरू व्हायचं. शेडच्या मधोमध हवा भरलेली रबरी बोट, तिच्याभोवती नवीन भरती झालेले दहा-बारा जण, आणि बोटीच्या फुगलेल्या कडेवर एक पाय ठेवून थोरला म्हणायचा, "माझा सख्खा धाकटा भाऊ या तलावात गेला. का? तर सुरी बोटीत ठेवायला विसरला. तुम्ही विसरू नका." मग मान खाली घालून तो थोडा वेळ गप्प राहायचा. किती वेळ राहायचं, हेही आता त्याला सरावाने जमत होतं.

कोपऱ्यात शिलाई मशीनवर बसलेली धाकटी हे दर महिन्याला ऐकायची. गेला तो तिचा नवरा, बोलत होता तो तिचा दीर. याच भाषणाच्या जोरावर दिराला सुरक्षा शिक्षकाची बढती मिळाली होती. भिंतीवर लाल रंगात पाटीही लागली होती, 'सुरी विसरू नका'. शेडमधले लोक तिला 'विसराळूची पाटी' म्हणत. धाकटी जवळपास असली की आवाज खाली करून म्हणत, एवढीच काय ती त्यांची माणुसकी.

तिचा नवरा आणि विसराळू? जेवताना मिठाची वाटी दोन बोटं सरकली तरी परत जागेवर ठेवणारा तो माणूस. "तुमचं लग्न माझ्याशी झालंय की डब्यांशी?" असं ती त्याला चिडवायची. दोघे भाऊ तलावात जाऊन पाण्याचे नमुने काढायचे. बोट एवढीशी, तिच्यात दोन माणसं आणि सामान बसलं की पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. म्हणून त्याने बायकोकडून जाड कॅनव्हासचे सात कप्पे शिवून घेतले आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. जड ते मध्ये, म्हणजे पेट्रोलचा कॅन आणि प्यायच्या पाण्याचा, दोन्ही पट्ट्याने आवळलेले. हवेचा पंप मागे. ठिगळं आणि डिंकाचा डबा पुढे उंचावर, बोट अर्धी बसली तरी कोरडा राहील असा. फेकायचा दोर सगळ्यांच्या वर, त्याच्यावर काही ठेवायचं नाही. टोकदार काही रबराला टेकता कामा नये, म्हणून सुरीच्या कप्प्यात धाकटीने आतून पाइपचा तुकडा शिवला होता. तो कप्पाच सुरीचं म्यान.

नवऱ्याचे दोन नियम होते. निघण्याआधी एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने वस्तूचं नाव घ्यायचं आणि हात थेट तिथेच गेला पाहिजे. बोट उलटली की डोळ्यांचा काही उपयोग नसतो, असं तो म्हणायचा. थोरला या खेळाला हसायचा. दुसरा नियम त्याहून सोपा. भरलेला कप्पा बंद, रिकामा कप्पा उघडा. लांबून बघितलं तरी काय जागेवर नाही ते कळलं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी दुपारी वारा उठला आणि नमुन्याच्या बाटलीचा दोर मोटरच्या पंख्यात गुंडाळला गेला. खाली बाटली बुडवायचं वजन, वर दोर, बोट मागून धरल्यासारखी झाली आणि लाटा मागच्या फळीवरून आत यायला लागल्या. दोर कापायला सुरी हवी होती. सुरी नव्हती. नवऱ्याने तरंगायचं जाकीट काढलं, कारण ते माणसाला बुडी मारू देत नाही, आणि हाताने दोर सोडवायला तो पाण्यात उतरला. थोरला किनाऱ्याला आला तेव्हा एकटाच होता.

चौकशीत त्याने सांगितलं, "त्याने सुरी मागितली. मी कप्पा उघडून पाहिला. ठेवलेलीच नव्हती त्याने."

बोट बाहेर काढली तेव्हा धाकटी तिथे उभी होती. सुरीचा कप्पा रिकामा होता आणि त्याचं बटण लागलेलं होतं. ते बटण तिने स्वतः बसवलेलं, पितळी, अंगठ्याने जोर लावल्याशिवाय न लागणारं. आत पाणी शिरतंय, भाऊ सुरी मागतोय, अशा वेळी उघडलेला रिकामा कप्पा परत बटण लावून बंद कोण करेल? तिने मुकादमाला हे दाखवलं. मुकादम म्हणाला, "अगं, लाटेने लागलं असेल." सासूला सांगितलं तर सासू म्हणाली, "लहानपणापासून विसराळूच होता तो. आता राहू दे." जन्म दिलेल्या बाईनेच असं म्हटल्यावर लोकांना दुसरा पुरावा कशाला हवा होता? धाकटी गप्प बसली, पण त्या दिवसापासून तिच्या पोटात जे पेटलं ते विझलं नाही. तिने ते विझू दिलं नाही.

वर्ष उलटल्यावर मुकादमाने दया येऊन तिला शेडमध्ये शिवणकामाला घेतलं. बोटींचे कप्पे शिवायचे, पट्टे दुरुस्त करायचे, शिकवण्याच्या दिवशी बोटीत सामान लावून द्यायचं. लोक तिला 'कप्पेवाली' म्हणू लागले. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. आणि तिसऱ्याच महिन्यात तिला हवं ते दिसलं.

थोरल्याची एक दाढ हलत होती, त्यामुळे सफरचंद तो दाताने तोडायचा नाही. भाषणाआधी तो बोटीतली सुरी काढायचा, सफरचंदाच्या फोडी करायचा, सुरी पँटला पुसायचा आणि आपल्या जाकिटाच्या आतल्या डाव्या खिशात टाकायचा. खिशात टाकताना त्याचं लक्षही नसायचं. त्याआधी एक गोष्ट मात्र तो न चुकता करायचा. रिकाम्या झालेल्या कप्प्याचं बटण लावायचा आणि वर दोन थापा मारायचा, टापटीप माणसासारखा.

त्या दिवशी धाकटीच्या मशीनची सुई तिच्याच बोटात गेली. रक्त पुसून ती परत शिवायला लागली. तेव्हाच बोलली असती तर काय झालं असतं? थोरला हसला असता, मुकादमाने हात झटकले असते आणि सुरी गुपचूप कप्प्यात गेली असती. छे. तिला हे चार भिंतींत नको होतं. ज्या पाटीखाली नवऱ्याला विसराळू ठरवलं त्याच पाटीखाली हवं होतं, आणि थोरल्याच्या स्वतःच्या हाताने हवं होतं. ती थांबली. पाच महिने थांबली.

वार्षिक तपासणीला अधिकारी मॅडम येणार असल्याचं कळलं तेव्हा तिने बाजारातून एकच सफरचंद आणलं. निवडून, लाल, कडक, दाताला न जुमानणारं. सकाळी बोटीतलं सामान तिने नवऱ्याच्या पद्धतीने लावलं. सुरी कप्प्यात घालताना मुकादमाला हाक मारली.

"मुकादम, सातही कप्पे बघून घ्या. नंतर माझ्यावर नको."

मुकादमाने प्रत्येक कप्पा उघडून पाहिला आणि कागदावर सही केली. मग तिने सफरचंद थोरल्याच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय आज?" थोरल्याने विचारलं.

"मॅडम येणार आहेत ना भाऊजी. उपाशीपोटी बोलू नका."

भावजयीला उशिरा का होईना अक्कल आली, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं. त्याने सुरी काढली, फोडी केल्या, सगळ्या खाल्ल्या. कप्प्याचं बटण लावलं. दोन थापा. सुरी पँटला पुसून आत, डाव्या खिशात. धाकटी मान खाली घालून एक पट्टी शिवत होती, काळ्या कापडाची, डोळ्यांच्या मापाची.

मॅडम आल्या, खुर्चीवर बसल्या. भाषण झालं. "माझा सख्खा धाकटा भाऊ" झालं, मान खाली घालणं झालं, मॅडमनी चष्मा काढून डोळेही टिपले. तेव्हा धाकटी उठली.

"मॅडम, डोळे मिटून सामान शोधायची भाऊजींच्या धाकट्या भावाची पद्धत होती. नव्यांना करायला लावण्याआधी शिक्षकांनीच करून दाखवलं तर बरं होईल."

"छान कल्पना आहे," मॅडम म्हणाल्या.

थोरला हसला. नाही म्हणायला जागाच नव्हती. तो बोटीत बसला आणि धाकटीने स्वतःच्या हाताने त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. गाठ घट्ट मारली.

"पंप," ती म्हणाली. त्याचा हात मागे गेला, पंपावर पडला. नव्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ठिगळांचा डबा." सापडला. "फेकायचा दोर." सापडला. "शिट्टी." सापडली. थोरल्याला आता मजा यायला लागली होती, तो मान वर करून हसत होता.

"सुरी."

हात बरोबर पुढे गेला. अंगठ्याने बटण उघडलं, बोटं पाइपच्या तुकड्यात शिरली आणि रिकामी बाहेर आली. त्याने परत चाचपलं. आणि मग, धाकटीने दोन वर्षं ज्याची वाट बघितली होती तेच तो बोलला, अगदी त्याच शब्दांत.

"नाहीये. ठेवलेलीच नव्हती." आणि जरा रागाने पुढे म्हणाला, "सामान कोणी लावलंय? एवढं सांगून पुन्हा तेच?"

"मी लावलंय," धाकटी म्हणाली. "मुकादमांनी बघून सही केलीय."

"मग गेली कुठे?"

"आतल्या डाव्या खिशात हात घाला भाऊजी."

त्याने हात घातला. घातला तो तिथेच राहिला. डोळे झाकलेले होते, पण बाकीचा चेहरा सगळ्यांना दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावरून रंग कसा उतरला तेही सगळ्यांनी पाहिलं. नव्यांपैकी कोणीतरी हसू लागलं आणि शेजाऱ्याचा कोपर बसल्यावर थांबलं. सुरी बाहेर आली. तिच्या पात्याला सफरचंदाचं साल चिकटलेलं होतं.

त्याचा दुसरा हात पट्टीकडे गेला.

"राहू द्या ती," धाकटी म्हणाली. आवाज चढवायची तिला गरज वाटली नाही. "त्या दिवशी काय खाल्लं होतं?"

मॅडम खुर्चीतून उठल्या होत्या. मुकादम पाटीकडे बघत होता, जणू पहिल्यांदाच वाचत होता.

"सफरचंद," थोरला म्हणाला.

"कप्पा उघडून पाहिला होता?"

"नाही. वरून चाचपला. सुरीची मूठ हाताला लागली नाही, म्हणून नाही म्हटलं. खिशात आहे हे आठवलंच नाही मला. शप्पथ, नाही आठवलं."

"मग कधी आठवलं?"

"टोचली तेव्हा. खाली वाकून त्याला शोधत होतो, तेव्हा बरगडीला टोचली. तोवर तो वर येईनासा झाला होता. मी सुरी पाण्यात टाकून दिली."

धाकटीने पुढे होऊन त्याच्या हातातली सुरी घेतली, पुसली, कप्प्यात घातली आणि बटण लावलं. अशा वेळी दया येते असं तिने ऐकलं होतं. तिला नाही आली. तिला बरं वाटलं, भर उन्हातून येऊन गार पाणी प्यावं तसं, आणि ते तिने चेहऱ्यावरून लपवलंही नाही. पट्टीची गाठ सोडायला ती गेली नाही. ज्याची त्याने सोडावी.

मुकादमाने न सांगता शिडी आणली आणि पाटी खाली उतरवली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासू दाराशी तांदूळ निवडत बसली होती. धाकटीने चपलाही काढल्या नाहीत. उभ्याउभ्याच सांगितलं.

"आई, सुरी भाऊजींच्या खिशात होती. आज सगळ्यांसमोर कबूल केलं त्यांनी. तुमचा धाकटा काही विसरला नव्हता."

सासूने तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. कुठल्या खिशात, असं तिने विचारलं नाही. कसं कळलं, तेही विचारलं नाही. धाकटी तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिची नजर दारामागच्या खुंटीवर गेली. त्या दिवशी थोरल्याच्या अंगात होतं ते जाकीट तिथे टांगलेलं होतं. सासूने धुऊन टांगलेलं. दोन वर्षांत ते कोणी घातलं नव्हतं.

धाकटीने ते खाली काढलं आणि उलटं केलं. डाव्या खिशाचं अस्तर धारेने चिरल्यासारखं बोटभर फाटलेलं होतं आणि पांढऱ्या दोऱ्याने वेडंवाकडं शिवलेलं होतं. घरात असा टाका एकच बाई घालायची.

"एक गेला होता," सासू ताटाकडे बघत म्हणाली. "दुसरा तरी राहू दे म्हटलं."

"म्हणून गेलेल्याला विसराळू म्हणालात."

"त्याला आता काय फरक पडत होता?"

"मला पडत होता," धाकटी म्हणाली.

तिने पिशवीतून दोरे तोडायची छोटी कात्री काढली आणि सासूसमोर खाली बसली. एकेक टाका कापला, एकेक दोरा ओढून ताटाशेजारी ठेवला. सासू तांदूळ निवडायची थांबली, पण नको म्हणाली नाही. सगळे टाके निघाल्यावर धाकटीने खिसा बाहेर ओढला, फाटका, रिकामा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातून दिसेल असा. आणि जाकीट परत त्याच खुंटीला टांगलं.