झेंडूखालची पिन

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक तांबडा सडा, कोकणातलं उघडं कातळपठार, मनात आणा. झाड नाही, घर नाही. क्षितिजापर्यंत पसरलेला जांभा दगड, त्यावर माघातलं तापत जाणारं ऊन, वाळल्या गवताची सोनेरी सळसळ, आणि चिऱ्यांच्या खाणीतून उठलेली कुंकुमवर्णी धूळ.

त्या सड्याच्या मधोमध एक ट्रक उभा करा. निळ्या अंगाचा, रुंद कपाळाचा, वृद्ध ट्रक. पाय मुरगळलेल्या बैलासारखा एका कुशीवर कललेला.

तो विश्रामचा ट्रक. आणि त्याच्या नीलछायेत पान्हे मांडून बसलेली ती विश्रामची लेक, सुगंधा. पाळण्यात कमी आणि या ट्रकच्या केबिनमध्ये जास्त झोपलेली.

ट्रकच्या पोटाखाली पोलादी पाट्यांची कमान असते. एकावर एक निजलेले पाटे. भार सोसणारे, खड्ड्यात वाकणारे, वाकून पुन्हा उठणारे. त्यातला मोठा पाटा मोडला होता. नवा आणून ठेवला होता. पण जुना निघेल तेव्हा नवा बसेल, आणि जुन्याला एका पिनेनं धरून ठेवलं होतं. वीतभर लांब, गंजानं गोठलेली, मुकी, हटवादी पिन.

गावातला काशिराम मिस्त्री गॅसकटर घेऊन आला होता.

"विश्राम, कापून टाकू. चहा निवायच्या आत काम होईल."

"पिनेबरोबर ती बसलीय ते घरही कापलं जाईल, काका. या गाडीची घरं आता मिळत नाहीत."

"मग गाडी भंगारात घाल. सासूची करत नसशील एवढी मनधरणी चाललीय."

विश्राम हसला नाही. जॅकनं उचललेल्या ट्रकखाली तो आंब्याचे जाड ओंडके रचत होता. "नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, बाय," तो लेकीला म्हणाला. मग काशिरामकडे न बघताच म्हणाला, "कापायची नाही. सोडवायची."

पिन निघाली तर ट्रक जगणार होता. न निघाली तर हे निळं अंग, हे रुंद कपाळ भंगाराच्या ढिगात जाणार होतं.

पिनेला अडकवून धरणारा बोल्ट निघाला. मग घण उठला. घण पडला, सडा घुमला. पिन हलली नाही.

ज्योत लावून पिनेचं घर मागच्या अंगानं तापवलं. लोखंड काळं होतं, जांभळं झालं, पळसफुलासारखं लाल झालं. घण उठला, घण पडला. पिन हलली नाही.

ऊन माथ्यावर आलं. विश्रामच्या पाठीवर घामाचे ओहोळ, ओहोळांत तांबडी धूळ. पिन हलली नाही, आणि विश्रामही हलला नाही.

"बाबा," सुगंधानं विचारलं, "पिनेला ग्रीस पाजायचं एक तोंड असतं ना? हिचं कुठंय?"

काशिराम वाकला, पिनेच्या पुढच्या टोकाकडे बघून म्हणाला, "तोंडावर तर झेंडू फुललाय."

सुगंधानंही वाकून पाहिलं. दोन वर्षांमागच्या खंडेनवमीला गाडी धुतली, हार घातले, तेव्हा तिनंच प्रत्येक पिनेच्या टोकावर पिवळ्या ऑइलपेंटनं झेंडू रंगवला होता. मधलं ते इवलं गोल टोक, तेच ग्रीसचं तोंड, फुलाच्या डोळ्यासारखं किती नेमकं बसलं होतं.

"तेव्हापासून ग्रीस भरलंच नाही तुम्ही?" तिनं बाबांना विचारलं.

"ग्रीसचा पंप लावला असता तर फूल मोडलं असतं," विश्राम हळूच म्हणाला.

"म्हणजे गाडी लाडानं गंजली," काशिराम म्हणाला आणि कटरची नळी उलगडू लागला.

सुगंधा रडली नाही. तिनं पत्र्याचा तुकडा उचलला, ओंडके एकदा हलवून पाहिले, आणि गाडीखाली सरकली. "काका, नळी गुंडाळा," ती आतूनच म्हणाली. "कापायची नाही."

पाकळी खरवडली. दुसरी खरवडली. पिवळ्या खपल्या तिच्या केसांत, पापण्यांवर झरझर झरल्या. खालून ते इवलं तोंड उघडं पडलं. विश्रामनं ते फिरवून काढलं, आणि निवलेल्या पिनेला थेंबाथेंबानं डिझेल पाजलं. मग दोघं थांबली. उन्हानं कूस बदलली, तरी थांबली.

तोंड परत बसवून पंप लावला. एक दाब, दुसरा दाब. लोखंडाच्या काळोखातून गंजाची तपकिरी लाळ बाहेर आली; मागोमाग नवं, मधासारखं ग्रीस.

घण उठला. घण पडला. आणि पिन केसभर सरकली.

मग बोटभर. मग वीतभर. तांबड्या दगडावर ती खणखणत पडली, आणि पिनेचं घर होतं तसं अभंग राहिलं.

काशिरामनं नळी गुंडाळली. "बापापेक्षा लेक चिवट आहे," तो पुटपुटला.

"हात पूस, बाय. भाकरी खाऊ," विश्राम म्हणाला. "बाकीची फुलं राहू देत. छान दिसतात."

"नाही," सुगंधा म्हणाली.

ती पलीकडच्या चाकाशी गेली. तिथले ओंडके तिनं हलवून पाहिले. मग पाठ दगडाला टेकवली, डोळे किलकिले केले, आणि स्वतः रंगवलेल्या दुसऱ्या झेंडूला पत्रा लावला. तांबड्या सड्यावर पिवळ्या पाकळ्या पडत राहिल्या. एक, मग एक, मग आणखी एक.