साडूचा मासा

संग्रहालयाच्या तळघरात बरण्यांतल्या माशांचे खवले मोजण्यात खवलेमास्तरांची एकतीस वर्षं गेली. कुणी हाक मारली की ते नुसता हात वर करत. अर्थ असा, की थांबा, आकडा चुकेल. आयुष्यात त्यांना एकच गोष्ट हवी होती : आपल्या नावाचा एक मासा. मोठा नको, बोटभर चालेल. पण या धंद्यात रीत अशी, की नव्या माशाला आपलंच नाव द्यायचं नाही. ते दुसऱ्या कुणाला तरी सुचावं लागतं. एकतीस वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं.

साडूच्या बाबतीत मात्र सुचलं. साडू म्हणजे मेहुणीचा नवरा, विद्यापीठात प्राध्यापक. त्याच्या विद्यार्थ्याने डोंगरातल्या मधल्या, गार पाण्याच्या नदीतल्या एका माशाला गुरूचं नाव दिलं. खालच्या नदीत शंभर वर्षांपूर्वी नोंदलेला मासा होता, त्याच्या कुशीवरच्या रांगेत चोवीस खवले. साडूच्या माशाला सव्वीस. लाखो वर्षांमागे मध्ये डोंगर उठला, नदी दुभंगली आणि एका माशाचे दोन झाले, असं लेखात होतं. साडूने माशाचं चित्र दिवाणखान्यात लावलं. कुठल्याही खुर्चीत बसा, मासा मास्तरांकडेच बघे.

"तोंड अगदी त्याच्यावर गेलंय," मास्तर घरी येऊन म्हणाले.

"मग तुमच्या का पोटात दुखतंय?" बायको म्हणाली.

दुखत होतं खरं. मास्तरांनी खालच्या नदीतल्या त्या जुन्या माशाची एक जोडी आणून टाकीत सोडली आणि तिची अंडी तीन टाक्यांत वाटली : कोमट, गार आणि गारढोण. सात महिने स्वतः पाणी बदललं. पिल्लं वाढली, खवले मोजले. एकाच आईची लेकरं, पण कोमट पाण्यात चोवीस, गार पाण्यात सव्वीस, गारढोण पाण्यात अठ्ठावीस! म्हणजे साडूचा मासा नवा नव्हताच, गारठलेला जुनाच होता. आणि मासा एकच ठरला की जुनं नाव राहतं, नवं बाद. मास्तरांना उकळ्या फुटल्या. लेख लिहून त्यांनी लिफाफ्यात घातला.

त्याच दुपारी साडू एक बरणी घेऊन तळघरात उतरला.

"साडूभाऊ, आधी बसा. उभ्याने झेपायचं नाही. वरच्या नदीत नवा मासा मिळाला, त्याला तुमचं नाव दिलंय! आजच छापून आलं."

मास्तरांचे डोळे भरून आले. मग सवयीने भिंग निघालं. अठ्ठावीस.

"बाकी काही फरक?" त्यांनी विचारलं.

"छे! फक्त खवले. तुम्हाला शोभेल असाच."

आठ दिवस लिफाफा खणात पडून राहिला. गप्प बसलं तर दोन्ही मासे सुखात होते. मास्तर रोज बरणी पुसत, माशाला "काय म्हणताय?" असंही विचारत. साडूसुद्धा बरा माणूस वाटू लागला होता. नवव्या दिवशी त्यांनी साडूचा लेख शेवटपर्यंत वाचला. नाव का दिलं, ते तळाला एका ओळीत होतं : 'लेखकाच्या साडूंच्या सन्मानार्थ.'

एकतीस वर्षं, लाखांनी खवले, आणि ओळख काय, तर साडू!

मास्तर लिफाफ्यावर तिकीट चिकटवू लागले.

"अहो, यात तुमचाही मासा बुडेल ना?" बायकोने विचारलं.

"बुडू दे."

"ती नवरा-सवतीची म्हण कुणी तुम्हाला बघूनच रचली असणार."

लेख छापून आला आणि दोन्ही नावं बाद झाली. नव्या सूचीत जुन्या माशाचं नाव ठळक आलं, त्याखाली बारीक अक्षरांत रद्द नावं.

साडूचा फोन आला. "काय साडूभाऊ, बुडवलंत! पण बुडालो ते जोडीने, हे बरं झालं."

मास्तर कितीतरी दिवसांनी मोकळे हसले. फोन ठेवून त्यांनी सूचीवर भिंग धरलं. रद्द नावं सालाच्या क्रमाने लावायची पद्धत आहे. वर साडू होता, खाली ते.

"आता काय शोधताय?" बायको म्हणाली.

मास्तरांनी हात वर केला. "थांब. त्याच्या माशाचं साल बरोबर छापलंय का, तेवढं बघतो."