वाचल्याची सही

दौंडच्या जनप्रबोधन सार्वजनिक वाचनालयाचे अध्यक्ष सर्जेराव १९९८ साली नऊ दिवस जपानला जाऊन आले, आणि तेव्हापासून दौंडकरांची जपानच्या तावडीतून सुटका झाली नाही. दौरा शेतीच्या अवजारांचा होता. अवजारं कुठली पाहिली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण जपानी माणूस रस्त्यावर कागद टाकत नाही, रांग मोडत नाही आणि जपानी सून सासूपुढे कमरेत वाकते, हे त्यांनी गणेशोत्सवापासून दशक्रियेच्या श्रद्धांजलीपर्यंत प्रत्येक भाषणात सांगितलं. एका दशक्रियेला तर मयताचं नाव घ्यायचं राहून गेलं, जपान मात्र राहिला नाही.

म्हणून २००२ साली पुस्तकखरेदीच्या यादीत एका जपानी कादंबरीचा मराठी अनुवाद दिसला, तेव्हा आसमीन तांबोळीने डोळे मिटून त्यापुढे खूण केली. अध्यक्ष खूश होतील एवढाच तिचा हिशेब. आसमीन तिथली ग्रंथपाल, पण हंगामी. चार वर्षं झाली, दर सहा महिन्यांनी सर्जेरावांची सही झाली की पुढचे सहा महिने तिचे. या सहीवर तिचं सगळं अडलेलं होतं. शिरूरच्या सासरहून नवऱ्याने तिला पाच वर्षांपूर्वी घालवून दिलं होतं. आता सासूला अर्धांगवायू झाला, तेव्हा त्याच नवऱ्याला, अजीमला, बायकोची आठवण आली. ‘अम्मीचं करायला घरात बाईमाणूस नाही, झालं गेलं विसर,’ अशी त्याची पत्रं येऊ लागली. तिचे वडील गनी बाजारात विड्याची पानं विकत. ते म्हणाले होते, “नोकरी हाय तवर मी त्याला सांगतो, पोरगी कामावर हाय. नोकरी गेल्यावर काय सांगू? लोक मलाच इचारतील ना.”

पुस्तक आलं. ‘आतल्या खोलीतली घंटी’. मुखपृष्ठावर लहानशी पितळी घंटी. लेखिकेचं नाव उच्चारायचा प्रयत्न कुणी केला नाही. आठ मार्चला महिला दिन होता. सर्जेरावांनी पुस्तक हातात उंच धरलं आणि गरजले, “ही घंटी बगा! देवघरातली घंटी! जपानी सून सासूची सेवा कशी करते, ते ह्या पुस्तकात हाय. तालुक्यातल्या परत्येक सासुरवाशिणीनं हे वाचलंच पायजे!” त्यांनी पुस्तकाचं पान उघडलेलं नव्हतं हे आसमीनला ठाऊक होतं, कारण नव्या पुस्तकाची जोडलेली पानं तिनंच दुसऱ्या दिवशी पट्टीने सोडवली. सोडवता सोडवता वाचू लागली, आणि तिच्या हातातली पट्टी थांबली.

घंटी देवघरातली नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या उशाशी ती होती. पाण्यासाठी घंटी, कूस बदलायला घंटी, नुसतं सून जागी आहे की नाही बघायलाही घंटी. अकरा वर्षं. मधेच एकशे बाराव्या पानावर सून गॅसची टाकी आणणाऱ्या माणसाला घरात घेते, आणि तीन पानं त्याला जाऊ देत नाही. मग सासू मरते. तिकडच्या रीतीप्रमाणे घरची माणसं राखेतली हाडं काडीने वेचू लागतात. सून सगळ्यांच्या नकळत एक हाड तोंडात टाकते आणि चावून गिळते. घरी येते, सासूच्या अंथरुणावर निजते आणि घंटी वाजवते. संपलं पुस्तक.

आसमीनने ते तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी ती रडली, आणि कुणी विचारलं तर वाचलंच नाही म्हणायचं, असं तिने ठरवून टाकलं.

पण अध्यक्षांचा हुकूम म्हटल्यावर पुस्तक कपाटात कसं राहणार? टेबलाला सुतळीने बांधलेल्या अभिप्रायवहीत एवढी गर्दी कधी झाली नव्हती. कुरकुंभला कंपनीत पाळीवर जाणाऱ्या नौशादने लिहिलं, ‘काही कळले नाही. पण झोप आली नाही.’ धुरपदाबाईंनी लिहिलं, ‘तिकडे फोन केल्यावर त्याच दिवशी गॅस येतो काय? आमची टाकी एकवीस दिवस झाले आली नाही.’ एका माळकऱ्याचा आक्षेप असा की हाड खाणे हा मांसाहार आहे आणि पुस्तक त्यांच्या हाती नेमकं एकादशीला पडलं. कुणी लिहिलं, जपानी माणूस असा नसतो, अध्यक्षांना विचारा.

निवृत्त शिक्षक पोपटराव गुरुजी समितीचे चिटणीस. त्यांनी लेखी तक्रार दिली: ‘पान क्र. ११२, ११३, ११४ व विशेषतः ११४ चा खालचा अर्धा भाग अत्यंत अश्लील असून समाजमनावर विपरीत परिणाम करणारा आहे.’ तक्रार फलकावर लावायचा आग्रहही त्यांचाच. आजवर लोकांना ती पानं शोधावी लागत होती. फलक लागल्यापासून ती मेहनत वाचली आणि नंबर लावणाऱ्यांची यादी चाळीसवर गेली. शिरूरच्या वाचनालयाने तर पत्र पाठवून आठ दिवसांसाठी पुस्तक मागितलं.

आता पुस्तक रद्द करायचं तर वाचनालयाच्या घटनेतला नियम सतरा आडवा आला. संस्थापकांनी लिहून ठेवलेलं, ‘पुस्तक रद्द करण्याबाबत ज्या सदस्याने ते संपूर्ण वाचले असेल व तशी सही केली असेल, त्यालाच मत देता येईल.’ म्हणून पुस्तक सातही सदस्यांच्या घरी फिरलं. प्रत्येकाने आठ-आठ दिवस ठेवलं. परत आलं तेव्हा एकशे बारा ते एकशे चौदा ही पानं इतकी मऊ झाली होती की पुस्तक टेबलावर ठेवलं की आपोआप तिथंच उघडायचं. सहीचा कागद मात्र कोरा.

“मी फक्त चाळलं,” पोपटराव म्हणाले.

“आमच्यात लहान पोरं हायती, मी पाकिटातनं भायेरच काढलं न्हाई,” मारुतराव म्हणाले. हे मारुतराव इतिवृत्ताची वही स्कूटरवरून सदस्यांच्या घरोघर नेऊन सह्या आणत. लोकशाही घरपोच देणारा असा माणूस तालुक्यात दुसरा नव्हता.

पण चाळलं कुणी आणि वाचलं कुणी हे आसमीनला कुणी सांगायची गरज नव्हती. दौंडच्या वाचकांची एक जुनी खोड होती. पुस्तकाची नावं लक्षात राहत नाहीत, आणि वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी नेलं की घरचे हसतात. म्हणून पुस्तक संपलं की जो तो आपल्या ठरलेल्या पानावर आपली ठरलेली खूण करून ठेवी. पोपटरावांचा नवव्या पानावर बारीक ॐ. मारुतरावांचं सत्ताविसाव्या पानावर उदबत्तीने पाडलेलं भोक. सर्जेरावांची, कधी वाचलंच तर, तेराव्यावर हिरव्या शाईची रेघ. या पुस्तकात ॐ होता, भोक होतं, रेघ मात्र नव्हती. आणि एक्कावन्नाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, कुंकवाचा ठिपका होता.

तो ठिपका आसमीनच्या ओळखीचा होता. सर्जेरावांच्या कार्डावर गेलेल्या पुस्तकांत तो नेहमी असायचा. सर्जेराव रस्त्यावर जीप उभी करून दोनदा हॉर्न वाजवत, आसमीन धावत जाऊन पुस्तक देई. पुस्तकं ते नेत, पण त्या घरात वाचणारं माणूस दुसरंच होतं.

ऑगस्टात सभा भरली. सातातले तीन सदस्य अचानक आजारी पडले. चौघांचा कोरम, आणि हजर तिघेच. मग कुणाला तरी आठवलं की अनुदानाच्या अटीपायी सातव्या सदस्य म्हणून एक महिलाही नेमलेल्या आहेत, सर्जेरावांच्या मंडळी तुळजाबाई. आठ वर्षांत त्या सभेला एकदाही आल्या नव्हत्या, सही तेवढी घरून यायची. सर्जेरावांनी जीप पाठवून त्यांना आणवलं. त्या डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या.

“वाचल्याची सही कुणाची?” सर्जेरावांनी विचारलं. सगळ्यांनी पंख्याकडे बघितलं. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

पोपटरावांनी घसा साफ केला. “सही नाही म्हणजे मत नाही, मत नाही म्हणजे पुस्तक रद्द होत नाही. परंतु ते मागवलं कोणी, याला नियम सतरा लागू नाही. ग्रंथपालांची मुदत या महिन्यात संपते. ती वाढवू नये, असा माझा ठराव.”

आसमीनने टेबलावरचं पुस्तक स्वतःकडे ओढलं. म्हणजे शिरूर. म्हणजे अजीम, आणि आतली खोली.

“इचारा की तिला,” मारुतराव म्हणाले. “आसमीन, पुस्तक वाचून घेतलं का न वाचता?”

इकडे आड, तिकडे विहीर. वाचून घेतलं म्हणावं तर बाई निर्लज्ज, न वाचता म्हणावं तर कामचुकार. पुस्तक समोर होतं. नववं पान उघडून गुरुजींचा ॐ दाखवला असता तर ठराव तिथंच गार झाला असता. तिचा हात पानापर्यंत गेलाही. पण नऊ उघडलं की पुढे एक्कावन्न होतं, आणि कोपऱ्यातली बाई तिच्याचकडे बघत होती. चोराबरोबर सावाचीही झडती घ्यावी लागली असती. तिने पुस्तक मिटलं.

“घेताना न वाचता घेतलं,” ती म्हणाली. “तुम्ही जपानचं कौतुक करता म्हणून घेतलं, साहेब. मग वाचलं. तीन वेळा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी सदस्य नाही, नाहीतर सही केली असती.”



“तीन वेळा!” पोपटराव कसेबसे म्हणाले. “आणि हाड खाण्याचा तो किळसवाणा प्रकारही...”

“गुरुजी, तो तर शेवटून दुसऱ्या पानावर हाय,” कोपऱ्यातून आवाज आला. “तुम्ही तर नुसतं चाळलं ना?”

तुळजाबाई उठल्या. पदर सावरून टेबलापाशी आल्या. “कागूद दे गं, पोरी.” आणि वाचल्याची सही जिथे करायची, तिथे त्यांनी एकेक अक्षर दाबून सही केली.

“अगं, तुला काय कळतंय त्यातलं?” सर्जेराव म्हणाले.

“समदं कळलं. तुमच्या आई, आपल्या आत्याबाई, नऊ वर्सं जाग्यावर व्हत्या. त्यांची घंटी न्हवती, पितळंचा तांब्या व्हता. फरशीवर आपटायच्या.” त्या नवऱ्याकडे न बघता, मारुतरावांच्या वहीकडे बघत बोलत होत्या. “त्या बाईनं सासूचं एक हाड खाल्लं, तर गावभर बोंब झाली. तिची अकरा वर्सं कुणी खाल्ली, ते न्हाई कुणी इचारलं. मारुतराव, ल्ह्या. पुस्तक ऱ्हाईल. आन् ही पोरगी पन ऱ्हाईल.”

नियम म्हणजे नियम. सहीवाला सदस्य एकच, मत एकच. इतिवृत्तात मारुतरावांनी लिहिलं, ‘पुस्तक ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर’, आणि वाचनालयाच्या इतिहासात हे वाक्य पहिल्यांदाच खरं ठरलं. गुरुजींनी आपला ठराव मागे घेतला. ग्रंथपालांना कायम करावं, एवढं सर्जेरावांनी, बायको आणखी काही बोलायच्या आत, घाईघाईत स्वतःच्या हाताने लिहिलं, सही ठोकली आणि जीपकडे निघून गेले. गुरुजी आणि मारुतराव कुठल्या दाराने गेले ते कळलंही नाही.

तुळजाबाई मात्र गेल्या नाहीत. आठ वर्षं समितीवर असलेली ती बाई वाचनालयातली कपाटं पहिल्यांदाच बघत होती. एकेका पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवत त्या दुसऱ्या कपाटापाशी आल्या.

“तुमच्या नावाचं कार्ड करू का, काकी?” आसमीनने विचारलं.

“कर. आन् त्याच बाईनं अजून काय ल्ह्यलं असंल तर मागव.”

बाहेर हॉर्न वाजला. दोनदा. चार वर्षांच्या सवयीने आसमीन खुर्चीतून अर्धी उठली. पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

तुळजाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

“वाजू दे,” त्या म्हणाल्या, आणि वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला टाचा उंचावल्या.