चौथ्या कंपनीचा गोंडा

"बट हू पेंटेड धिस रेड?" रेझाँने डोळ्यावरचं भिंग न काढताच विचारलं.

व्हिटबी गावातल्या या बेसमेंटमध्ये जनार्दन देवस्थळींनी चाळीस वर्षं नेपोलियनची फौज सांभाळली होती. बोटभर उंचीचे शिशाचे शिपाई, चार कपाटं भरून. आता घर विकलं होतं. किचनर शहरात मुलीजवळ घेतलेल्या छोट्या कॉन्डो-फ्लॅटमध्ये दोन खुर्च्या धड मावत नव्हत्या, तिथे फौज कुठे मावणार? म्हणून माँट्रियालहून रेझाँ हा संग्राहक सगळं घेऊन जायला आला होता. सकाळपासून एकेक रेजिमेंट टिश्यूत गुंडाळून खोक्यात जात होती आणि जनार्दनरावांना काहीच वाटत नव्हतं. मुलीचा, ऋचाचा, दोनदा फोन आला, "बाबा, आर यू ओके?" दोन्ही वेळा ते हो म्हणाले, आणि ते खरंच होतं.

रेझाँच्या हातात पायदळातला एक शिपाई होता. टोपीवरच्या गोंड्याचा लाल रंग टवका उडून निघाला होता आणि खालून जांभळा दिसत होता. असे नऊ शिपाई होते. रेजिमेंटमधल्या चौथ्या कंपनीचा गोंडा जांभळाच असतो, रेझाँ इंग्रजीत सांगू लागला. आधी ज्याने रंगवलं त्याला सगळं कळत होतं. नंतर कुणीतरी त्याची माती केली.

समोरच्या स्टुलावर जनार्दनरावांच्या पत्नी प्रमोदिनीबाई शिपाई गुंडाळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

शहाऐंशीच्या हिवाळ्यातली गोष्ट. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या बायकोचा हात स्थिर, म्हणून जनार्दनरावांनी हे नऊ शिपाई तिला रंगवायला दिले. तिने महिनाभर खपून ते रंगवले. मग हौशी मंडळींच्या क्लबात, लायब्ररीच्या हॉलमध्ये, कुणीतरी जांभळ्या गोंड्यांबद्दल विचारलं. "माझ्या बायकोने नेपोलियनला लग्नातला जांभळा शालू नेसवलाय," हे म्हणाले. हॉल हसून हसून लोटपोट. पुढच्या रविवारी यांनी स्वतः नऊच्या नऊ गोंडे लाल करून टाकले. त्यानंतर प्रमोदिनीबाईंनी ब्रश हातात धरला नाही. डोळ्यांना ताण पडतो, म्हणाल्या. यांनी ते खरं मानलं, कारण ते सोयीचं होतं.

वीसेक वर्षांपूर्वी एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात यांना ते पान सापडलं. चौथी कंपनी, जांभळा. जेवताना सांगू, असं यांनी ठरवलं. जेवायला पिठलं-भात होता, काहीतरी दुसरंच बोलणं निघालं आणि राहून गेलं. अशा गोष्टीचं एक असतं. पहिल्या दिवशी सांगितली नाही, की दुसऱ्या दिवशी काल का सांगितली नाही तेही सांगावं लागतं. ते काही या गृहस्थाला जमलं नाही.

रेझाँ अजून उत्तराची वाट पाहत होता. घेतले तेव्हा असेच होते, म्हटलं असतं तरी त्याला पटलं असतं.

"आय डिड," जनार्दनराव म्हणाले. "माय वाइफ हॅड इट राइट. मी खराब केलं, आय स्पॉइल्ड इट." मग तिच्याकडे वळले. "अगं, जांभळाच बरोबर होता. तुझंच बरोबर होतं."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"रंगवले तेव्हापासून. पेटीत कागद होता ना. कुठल्या कंपनीला कुठला गोंडा, सगळं लिहिलेलं. फ्रेंचमध्ये होता, म्हणून तुम्ही उघडलाच नाहीत."

व्हिटबीला येण्याआधी दोघं सहा वर्षं माँट्रियालला राहिली होती. तेवढ्या काळात प्रमोदिनीबाई पेशंटशी फ्रेंचमध्ये गप्पा मारायला लागल्या, आणि फ्रेंच फौजेचे हे भक्त 'मेर्सी'वर, म्हणजे 'थँक्यू'वर, अडकले ते अडकलेच.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"सगळे हसत होते." त्यांनी आणखी एक टिश्यू ओढला. "आणि तुम्हाला किती छान वाटत होतं."

त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. जनार्दनरावांना लाज वाटली, दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, पण तेही लांबून, बधिर झालेल्या हिरडीवर डेंटिस्टने काहीतरी करावं तसं.

प्रत्येक खोक्यात रंगवणाऱ्याच्या नावाचं एक कार्ड जायचं होतं. या खोक्यातल्या कार्डावरही सगळ्यांसारखं जे. देवस्थळी असंच होतं. जनार्दनरावांनी खिशातून पेन काढलं.

"तुझं नाव लिहितो."

"नको."

"अगं, पण रंगवले तूच ना?"

प्रमोदिनीबाईंनी नववा शिपाई दिव्याखाली धरला आणि नीट पाहिला.

"गोंडे लालच आहेत ना अजून? मग नाव तुमचंच असू द्या."

जनार्दनरावांनी पेनाला टोपण लावलं आणि कार्ड होतं तसं खोक्यात ठेवलं.