कानाची खूण

"आणि काका, खरी गोष्ट तर पुढंच आहे," विमा एजंट उत्तमसिंगने खुर्ची टेबलाजवळ ओढली. "देव न करो, पण पोरीचं तिकडं काही बरंवाईट झालं, तर बॉडी जर्मनीहून थेट तुमच्या दारापर्यंत आणून द्यायची जिम्मेदारी कंपनीची. तुमाला काही तकलीफ न्हाई."

नामाजी उठला. मांडीवरची घोंगडी त्याने खांद्यावर टाकली, दारातल्या वहाणा पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेला.

"काय झालं गुरुजी? मी काही गलत बोललो का?" उत्तमसिंगने मला विचारले. तो मनापासून गोंधळला होता. माणूस वाईट नव्हता. विम्यातली सर्वांत चांगली सोय म्हणून ती गोष्ट त्याने शेवटी राखून ठेवली होती, पंगतीत गोड शेवटी वाढावे तशी.

मी काय सांगणार? मला सोबत आणले होते ते इंग्रजी कागद वाचायला. वाचता येत होते. सगळे कळत होतेच असे नाही. जवळा बाजारच्या शाळेत मी नामाजीच्या सत्यशीलाला शिकवले, एवढाच माझा अधिकार. ती पुढे परभणीला जनावरांची डॉक्टर झाली आणि आता, २००३ साली, जर्मनीच्या एका विद्यापीठाने तिला पुढच्या शिक्षणासाठी बोलावले होते. आमच्याकडून मेंढपाळाची पोरगी विमानात बसायची ही पहिलीच वेळ असावी. पण आजारपणाचा विमा दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नव्हता, आणि मुंबईला मुलाखतीसाठी पुढच्याच आठवड्यात जायचे होते. पैसे बाप भरणार, म्हणून अर्जावर बापाचा अंगठा हवा होता.

"अंगठ्याचं सोडा गुरुजी," माझ्याबरोबर जिना उतरताना सत्यशीला म्हणाली. "आबा मनातून न्हाई म्हनला तर मी जानार न्हाई."

"अगं, पण त्याला एवढं लागलं काय?"

"कान," ती म्हणाली.

नामाजी हिंगोलीच्या एसटी स्टँडजवळ चहाच्या टपरीमागे भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. आम्ही शेजारी बसलो. तो समोरच्या बसकडे बघत होता. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "गुरुजी, तुमी शिकलेले. सांगा बरं, इमा कशाचा काढतेत? जे मरनार हाय त्याचाच नं?"

"तसं नाही नामाजी. हा दवाखान्याचा विमा आहे. काही झालं तर..."

"काही म्हंजे काय?"

चांगले शब्द मला नेहमी घरी गेल्यावर सुचतात.

सत्यशीलाने मला कानांची हकिकत सांगितली, बापाच्या देखतच. ती लहान असताना सरकारी योजनेत त्यांच्या मेंढरांचा विमा उतरवला होता. प्रत्येक मेंढीच्या कानात पिवळा बिल्ला मारला. त्याच पावसाळ्यात रोग आला. मेलेली मेंढी विम्याचीच, हे पटवायला बिल्ल्यासकट कान कापून कचेरीत दाखवावा लागे. नामाजीने एकेक कान आपल्या हाताने कापला, मीठ लावून खताच्या पिशवीत भरला आणि ती पिशवी घेऊन एसटीने हिंगोलीला आला. बसमध्ये वास सुटला तेव्हा कंडक्टरने त्याला मागच्या दाराशी उभे केले. कचेरीतली माणसे नीट वागली, पैसेही वेळेवर मिळाले. तक्रार करायला जागा नव्हती. पण त्या दिवसापासून नामाजीने मेंढराच्या कानाला कातर लावली नव्हती.

"रोग बिल्ल्यानं न्हाई आला, आबा," सत्यशीला म्हणाली. "लस चुकली व्हती. मी डॉक्टर हाय, मला ठावं हाय."

"मला बी ठावं हाय," नामाजी म्हणाला. "पन कान म्या कापले. तू न्हाई कापले." मग थांबून, "आन त्यो वर बसलेला काय म्हनला, आयकलं नं? पोरगी आनून देतो म्हने, घरपोच."

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. औंढ्याला नागनाथाचे कळस दिसले तेव्हा नामाजीने हात जोडले आणि ते जरा जास्तच वेळ जोडून ठेवले. मी माझ्या पिशवीतले कोरे अर्ज चुरगळू नयेत म्हणून मांडीवर धरून बसलो होतो. मला वाटत होते, शिकलेला माणूस म्हणून मला आणले आणि मी एक साधी गोष्ट समजावू शकलो नाही.

त्यांची मेंढरे तेव्हा गावाबाहेर एका कापसाच्या शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यात खतासाठी बसवलेली होती. आम्ही पोचलो तेव्हा सत्यशीलाची आई अनुसयाबाई मेंढरांभोवती जाळी लावून केलेल्या वाडग्याच्या तोंडाशी बसून कोकरांच्या कानांना खूण करत होती. कोकरू दोन गुडघ्यांत धरायचे, कातरीने कानाच्या कडेला एक छोटा त्रिकोण काढायचा, त्यावर हळद दाबायची आणि सोडून द्यायचे. प्रत्येक मेंढपाळाची खूण वेगळी. हे काम पुरुषाचे. यांच्या घरी मात्र इतकी वर्षे ती करत होती.

"झालं का काम?" तिने विचारले.

"न्हाई झालं. काढायचा न्हाई इमा," नामाजी म्हणाला.

"काहून?"

सत्यशीलाने काय घडले ते सांगितले. अनुसयाबाईने ऐकता ऐकता पुढचे कोकरू पकडले.

"मंग पोरगी जानार न्हाई म्हना."

"न जाऊ दे. हिंगोलीत जनावरं न्हाईत का? हितंच करील डॉक्टरकी."

"व्हय, आन तुमी सांगा लोकायला, माझ्या पोरीला जर्मनीनं बोलावलं व्हतं पन म्या एका पिवळ्या बिल्ल्याला भेलो." तिने कातर उगारली. "त्याच इम्याच्या पैशावर पोरीला बोर्डिंगात ठेवली, ते इसरले का?"

"इसरलो न्हाई. म्हूनच सांगून राहिलो."

कोकराचा कान बोटांत धरून तिने त्याच्यापुढे केला. "ही खून कशाला करतो आपुन?"

"तुला ठावं न्हाई का?"

"मला ठावं हाय. तुमी सांगा. मेल्यावर वळखू यावं म्हून करतो का?"

नामाजीने खांद्यावरची घोंगडी सारखी केली.

"गेल्या साली आपली शेळी चुकून खेमाच्या कळपात गेली," ती म्हणाली. "लंगडत व्हती. त्यानं कान पाह्यला, म्हनला ही नामाजीची. पायाला पाला बांधला, चार दिस चारलं आन आनून सोडली. खून नसती तर? कोनाची हाय म्हून इचारलं असतं कोनी?" मग तिने लेकीकडे हनुवटी केली. "ही परमुलखात चालली. तिथं हिचा खेमा कोन हाय? पडली-झडली तर कोनी तरी कान पाह्यला पायजे का नगं?"

कातर चालली. कोकरू एकदाच ओरडले.

नामाजी वाडग्याच्या जाळीला हात लावून उभा राहिला. मेंढरे बसण्याआधी जशी एकमेकांत शिरतात तशी शिरत होती. मग तो माझ्याकडे वळला.

"गुरुजी, शाई हाय का जवळ?"

शाईचा पॅड नव्हता. मी माझे फाउंटन पेन उघडून त्याच्या अंगठ्यावर दोन थेंब सोडले. इतक्या सावकाश अंगठा उमटवताना मी कोणाला पाहिले नाही. उमटवून झाल्यावर तो म्हणाला, "त्या उत्तमसिंगाला सांगा, ते घरपोच का काय, ते खोडून टाक म्हनावं."

"ते खोडता येत नाही, नामाजी."

"मंग निदान पुन्यांदा वाचू नगं म्हनावं."

सत्यशीला हसली आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसायला लागली.

ती गेली. दर रविवारी सकाळी ती माझ्या घरच्या फोनवर बोले. नामाजी आणि अनुसयाबाई आधीच येऊन ओट्यावर बसलेली असत. बर्फाविषयी ती सांगे तेव्हा नामाजी एकच विचारी, "मंग तिथली मेंढरं काय खातेत?"

पौष महिन्यात एकदा फोन रविवारी न येता बुधवारी आला. आवाज बारीक होता.

"गुरुजी, आबाला बोलवा. पन आदी सांगा, मी चांगली हाय. पोटात दुखून राहिलं व्हतं. अपेंडिक्स निघालं. ऑपरेशन झालं. उद्या सोडनार हायेत. मी अर्ध्या तासानं परत करते."

मी चप्पल घातली की नाही आठवत नाही. मेंढरे ओढ्यापलीकडे होती. नामाजीने मला लांबून ओळखले. बुधवारी, भर दुपारी, मी धावत येतोय. मी पाहिले की तो काठी सोडून तिथेच ढेकळात खाली बसतोय. मी आयुष्यात वर्गातसुद्धा आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी ओढ्याच्या अलीकडून जेवढे ओरडता येईल तेवढे ओरडलो, "चांगली आहे! नामाजी, पोरगी चांगली आहे!"

फोन त्याने दोन्ही हातांनी धरला. अनुसयाबाई आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या खांद्याला कान लावून उभी होती. पलीकडचा आवाज मलाही थोडा ऐकू येत होता.

"कोनी नेलं तुला दवाखान्यात?"

"शेजारच्या खोलीतल्या पोरीनं. गाडी बोलावली."

"पैसे मागितले का कोनी?"

"न्हाई आबा. इम्याचं कार्ड दाखवलं. नाव वाचलं, सत्यचं काही तरी भलतंच केलं, आन म्हनले, निजा."

"अन मंग?"

"मंग हाताला एक पट्टी बांधली. माझ्या नावाची. अजून हाय."

"हाताला बांधली?"

"व्हय."

"कानाला न्हाई नं?"

पलीकडून हसू आले आणि मागोमाग कळवळल्याचा आवाज. "आबा, हसवू नगा, टाके दुखतेत!"

अनुसयाबाईने पदर तोंडाला लावला. नामाजीचा चेहरा हसत होता की रडत होता ते मी सांगू शकणार नाही; मी तेव्हा खिडकीबाहेर पाहायला लागलो होतो.

त्यांना वाडग्यापर्यंत सोडायला मी गेलो. काही काम नव्हते, पण घरी परतावेसे वाटेना. तिथे गेल्यावर अनुसयाबाईने तुऱ्हाट्या पेटवून चहाचे भांडे ठेवले. त्या आठवड्यात व्यालेल्या मेंढीचे कोकरू जाळीत तोंड घालून उभे होते, दोन्ही कान अजून कोरे.

"त्याला खून करायची राह्यली," ती म्हणाली. "च्या झाला की करते."

"आन इकडं कातर," नामाजी म्हणाला.

तिने एकदा त्याच्याकडे पाहिले. कनवटीची कातर काढून पदराने पुसली आणि दिली.

त्याने कोकरू गुडघ्यांत घेतले, कान दोन बोटांत धरून उजेडाकडे केला. आतल्या शिरा तांबड्या दिसत होत्या. एक बारीकसा त्रिकोण काढला. हळद दाबली. मग कानावर हलकेच फुंकर घातली आणि पकड सोडली. कोकराने दोनदा कान झटकले आणि ते आपली आई शोधत कळपात शिरले.