दिसले की वाटले

"आरोपीचं नाव?" हवालदाराने विचारलं.

"आरोपी नाही," मिलिमीटर म्हणाले.

"मग तक्रार कोणाविरुद्ध?"

"तक्रार नाहीये हो. माहिती द्यायला आलोय."

"काका, या वहीत माहितीचा रकाना नाही, तक्रारीचा आहे." हवालदाराने पेनाच्या टोकाने कान खाजवला. "बरं, अनोळखी इसम लिहितो."

"इसम नव्हता. वस्तू होती. आकाशात. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आली आणि चार एकवीसला गेली."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. मागच्या बाकावर चहा पीत बसलेल्या शिपायाला असा ठसका लागला, की निम्मा चहा त्याच्या सदऱ्यावर आला. मिलिमीटर शांत उभे राहिले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर सरळ केला. त्यावर सगळं होतं. रंग राखाडी. आकार पालथ्या ताटासारखा. टेकडीच्या डाव्या अंगाला, जमिनीपासून तीस अंशांवर. वारा पश्चिमेचा, तरी वस्तू जागची हलली नाही. आवाज नाही. शेवटी सरळ वर जाऊन दिसेनाशी झाली. आणि सगळ्यांत खाली एक ओळ: 'प्रथम पाहणारी व्यक्ती – पत्नी.'

"काकूंनीपण पाहिलं?"

"आधी तिनेच पाहिलं. चादर वाळत घालत होती. मला हाक मारली, म्हणून मी बाहेर आलो."

"मग त्यांनाही आणायचं ना! जोडीने तक्रार घेतली असती," हवालदार म्हणाला, आणि आता तो आणि शिपाई दोघंही मनमोकळं हसले. तरी कागदावर शिक्का मारून त्याने पोच दिली. पोच मिळाल्याशिवाय मिलिमीटर जागचे हलणार नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं.

मिलिमीटर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. हवामान खात्याच्या एका आडगावच्या केंद्रावर एकतीस वर्षं पाऊस मोजता मोजता ते चिकटलं आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. त्यात गावाची चूक नव्हती. शिंप्याने 'नाडी केवढी ठेवू?' म्हणून विचारलं तर 'एकशे बारा सेंटिमीटर' असं सांगणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? दोन खोल्यांचं सरकारी घर, पुढे अंगण, अंगणात तारेचं कुंपण, कुंपणात पाऊस गोळा करणारं पत्र्याचं भांडं आणि तापमापकांची पांढरी पेटी. हेच त्यांचं कार्यालय. ताप असो, तिरडी असो, सकाळी साडेआठला तिथे उभं राहायचं, काचेच्या मापात पाणी ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा आणि आकडा लिहायचा. खालच्या नदीवरचा पूल किती उंच बांधायचा, हे त्यांच्या आकड्यांवर ठरलं होतं. पूल बघायला आलेल्या कुणी ते म्हटलं नाही, पण मिलिमीटर त्या पुलावरून जाताना जरा ताठ चालत.

दुसरा कुणी असता तर आकाशातलं ते ताट बघून घरात गेला असता. गावात आणखी कुणी पाहिलंच नसेल असंही नाही. लख्ख उजेडाची वेळ, शेतात माणसं, रस्त्यावर ट्रॅक्टर. पण शहाणी माणसं नेमकी अशा वेळी खाली बघतात. मिलिमीटरांपाशी मात्र खात्याची नियमांची पुस्तिका होती आणि तिच्यात सतरावा नियम होता: आकाशात काही असाधारण दिसल्यास निरीक्षकाने नोंदवहीच्या शेऱ्यात लिहावे, आणि जवळच्या पोलीस चौकीस व वरिष्ठ कार्यालयास लेखी कळवावे. एकतीस वर्षांत तो नियम वापरायची वेळ आली नव्हती. आता आली, तर ते मागे हटणार होते थोडेच!

"कशाला ती नसती उठाठेव?" बायको म्हणाली होती. "बघितलं, झालं."

"नियम आहे."

"नियम करणारे पंख्याखाली बसलेत. हसं आपलं होईल."

"अगं, पण तू बघितलंस ना? मी बघितलं ना? मग हसायचं काय त्यात?"

ती चादरीची घडी घालत आत गेली. पण काल अंगणात तिने त्यांचा दंड इतका घट्ट धरला होता, की सकाळीही तिथे बोटांचे वळ होते.

हसं झालं ते असं झालं, की विचारू नका. चौकीतून बातमी हॉटेलात गेली, हॉटेलातून बसस्टँडवर आणि तिथून पेपरात. 'पाऊस मोजणाऱ्याच्या अंगणात उडती तबकडी!' बातमीत वस्तूचे दिवे लुकलुकत होते आणि आतून कुणीतरी हात हलवत होतं. मिलिमीटरांनी पेपरला दुरुस्तीचं पत्र धाडलं: दिवे नव्हते, हात नव्हता, वस्तू अंगणात नव्हती. ते पत्रही छापून आलं, विनोदाच्या पानावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. किराणा घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "काका, वर पार्सल पाठवायचंय, पुढची गाडी कधी?" लेकीने सासरहून फोन केला आणि काही न बोलता रडली.

चौथ्या दिवशी खात्याची जीप दारात उभी राहिली.

जीपमधून उतरले ते मोठे साहेब. एकतीस वर्षांपूर्वी हेच धाकटे साहेब म्हणून आले होते आणि मिलिमीटरांना काम शिकवून गेले होते. पहिल्याच महिन्यात मिलिमीटरांनी शेऱ्यात लिहिलं होतं, 'रात्री गारा पडल्या असे वाटते.' साहेबांनी लाल पेनाने त्या ओळीवर अशी काट मारली, की मागचं पान फाटलं. "वाटायला तुला पगार नाही," ते ओरडले होते. "दिसलं तर दिसलं लिही. नाही दिसलं तर नाही लिही. वाटतं ते घरी बायकोला सांग." तेव्हापासून मिलिमीटरांच्या अकरा हजार ओळींत 'वाटले' हा शब्द एकदाही आला नव्हता.

आता साहेबांचे केस पिकले होते, पोट सुटलं होतं आणि त्यांना निवृत्त व्हायला पाच महिने होते.

"जुन्या वह्या काढ," साहेब म्हणाले. "पहिल्यापासून सगळ्या. बघायच्यात."

मिलिमीटरांना बरं वाटलं. वह्या बघितल्यावर साहेबांना कळेलच, आपण कसे आहोत. ते मागच्या पडवीत गेले, पेट्या उघडल्या आणि एकेक वही फडक्याने पुसून वर्षांच्या क्रमाने लावली. अर्धा तास मोडला असेल. वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून ते परत आले, तेव्हा साहेब स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून चहा पीत होते आणि बायको ओट्याशी पाठ टेकून उभी होती. तिच्या बोटाला शाई लागली होती.

"ठेव ते खाली," साहेब म्हणाले. "वह्यांचं नंतर बघू. बस."

वह्यांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

"हे बघ, वरच्या लोकांना इथे यंत्र बसवायचंय. माणूस नको, पगार नको, घर नको. त्यांना निमित्तच हवंय, आणि तू ते ताटात वाढून दिलंस. आता म्हणतात, ज्याला तबकडी दिसते त्याच्या पावसावर विश्वास काय ठेवायचा? एकतीस वर्षांचे आकडे संशयित म्हणून बाद करू म्हणतात. सगळेच्या सगळे."

मिलिमीटरांच्या तोंडचं पाणी पळालं. पगार, घर यांचं त्यांना तेवढं काही वाटलं नाही. पण आकडे बाद? तापात, पुरात, घरात सख्ख्या आईचं प्रेत असताना घेतलेले आकडे?

"आकडे बरोबर आहेत, साहेब."

"मला माहितीये रे. म्हणून तर धावत आलो. मी वाट काढलीय. शेऱ्यात एक शब्द बदलायचा. 'दिसली' आहे, तिथे 'दिसल्यासारखी वाटली' कर. खाली सही. उन्हाने डोळे दिपले, भास झाला, प्रकरण मिटलं. दगडापेक्षा वीट मऊ."

"पण मला दिसली."

"एकट्याला?"

"एकट्याला कशी? हिने आधी पाहिली." मिलिमीटर बायकोकडे वळले. "सांग ना साहेबांना."

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. साहेबांनी खिशातून एक कागद काढून पुढे सरकवला. अक्षर साहेबांचं होतं, सही तिची. शाळेत शिकली तशीच, एकेक अक्षर सुटं सुटं.

'त्या वेळी मी घरात होते. मला आकाशात काहीही दिसले नाही. माझ्या पतीस अलीकडे डोळ्यांचा त्रास होतो.'

मिलिमीटरांनी तो कागद दोनदा वाचला. मोठ्या आकड्यांची बेरीज ते अशीच दोनदा करत. दोन्ही वेळा तेच आलं.

"मी जीपमध्ये आहे," साहेब उठत म्हणाले. "दहा मिनिटं घे. पण ध्यानात ठेव, तू 'दिसली' म्हणत राहिलास तर दोघांपैकी एक जण सरकारी कागदावर खोटं बोलला असं होईल. कोण, ते मग वरचे ठरवतील."

साहेब गेले. बायकोने स्टोव्ह बंद केला.

"घर जाईल म्हणाले," ती म्हणाली. "तुमच्या वह्या रद्दीत घालतील म्हणाले. तुमच्या एका सहीवर सगळं आहे वहिनी, म्हणाले."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही खरं सांग म्हणाला असतात."

 ते खरंच होतं.  रागवावं तर कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. तिने त्यांना वाचवायला खोटं लिहिलं होतं, आणि त्यांनी आता खरं म्हटलं तर बुडणार होती ती.

"तुला दिसलं होतं ना?" त्यांनी हळू विचारलं. "मला नुसतं सांग. कागदावर नको."

"दिसलं होतं हो," ती म्हणाली आणि हुंदका फुटला. "तुमच्याआधी दिसलं होतं. शपथ."

"झालं तर मग," मिलिमीटर म्हणाले. पण झालं नव्हतं काहीच. हेच वाक्य त्यांना चौकीत हवं होतं, पेपरात हवं होतं, समोर उभ्या जीपमध्ये हवं होतं. स्वयंपाकघरात ते ऐकून काय उपयोग?

त्यांनी चालू वही उघडली. काट मारताना पट्टी लावली, ओळ सरळ काढली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: 'दिसल्यासारखी वाटली.' खाली सही, तारीख, वेळ. दुपारी बारा वाजून सात मिनिटं. साहेबांनी जीपमध्ये बसूनच ते वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, "शहाणा आहेस." मग मागे जाताना जीपने कुंपणाची एक तार वाकवली. साहेबांना ते दिसलं नसावं.

त्यानंतर दोघं जेवायला बसली तेव्हा दोघांनीही मीठ कमी आहे म्हणून सांगितलं नाही. ती दोनदा काही बोलायला गेली. दोन्ही वेळा त्यांनी 'वाढ' म्हणून ताट पुढे केलं. रागाने नव्हे. बोलायला लागलो तर ती पुन्हा शपथ घेईल, याची त्यांना भीती वाटत होती.

पहाटे पाऊस येऊन गेला. साडेआठला मिलिमीटरांनी भांडं उचललं, पाणी काचेच्या मापात ओतलं, गुडघे टेकून डोळा रेषेला आणला आणि माप हातात घेऊनच फोनपाशी आले. बायको मोरीत भांडी घासत होती.

"बोला काका," कार्यालयातला ऑपरेटर म्हणाला. "आज वर काही तरंगतंय का?"

त्याच्या मागे दोघंतिघं खिदळल्याचं ऐकू आलं. मिलिमीटरांनी माप फोनशेजारी ठेवलं. मग तेही हसले. मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल असं.

"वाटलं होतं हो," ते म्हणाले. "वय झालं आता."

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला.

"असू द्या, असू द्या. पाऊस किती?"

"बारा पूर्णांक चार."

"बाराच लिहू का? रकाना छोटाय."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातांवरून राखेचं पाणी जमिनीवर गळत होतं.

"लिहा बारा," मिलिमीटर म्हणाले आणि फोन ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "वरचे चार राहिले ना."

 मिलिमीटर माप घेऊन अंगणात गेले आणि पाणी कुंपणाबाहेर ओतून टाकलं.